सळई, सरकी आणि घाणेवाडीचं पाणी

आत्या जुन्या जालन्यात राहतात, भाचा नव्या जालन्यात. मधे कुंडलिका नदी. पावसाळ्यात ती वाहते. उरलेले महिने तिच्यातून वाहतं ते गावाचं सांडपाणी. आत्यांनी हायस्कुलात इतिहास शिकवला, आता निवृत्त आहेत. भाचा औद्योगिक वसाहतीतल्या एका सळईच्या कारखान्यात अभियंता. रविवारी तो आत्यांकडे जेवायला येतो आणि भाकरी संपायच्या आत दोघांचं जालन्यावरून जुंपतं.

सध्या निमित्त आहे महापालिकेचं. ऑगस्ट २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. निकष तीन लाख लोकसंख्येचा. शेवटची जनगणना २०११ ची आणि तीत शहराचा आकडा २,८५,५७७. म्हणजे मोजलेल्या माणसांच्या हिशेबाने जालना नगरपालिकाच, आणि वाढलेल्या माणसांच्या अंदाजाने महापालिका. सुरुवातीला नगरसेवकही नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. पहिलं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला.

"महानगर!" आत्या म्हणतात. "दुष्काळात ज्या गावाच्या नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं, ते महानगर. घरपट्टी वाढेल, नळ तसाच राहील."

"आत्या, तू उलटं पाहू राहिली. शहर कधीच मोठं झालं, पाटी उशिरा आली," भाचा म्हणतो. "मराठवाड्यातल्या किती गावांना जगाने ओळखलं? बियाणं म्हटलं की जालना, सळई म्हटलं की जालना. समृद्धी महामार्ग दाराशी आला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत इथून सुटली. जालना-जळगाव रेल्वेला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, १७४ किलोमीटरचा नवा मार्ग. आणखी काय पाहिजे?"

"वंदे भारत आता नांदेडहून सुटते," आत्या ताक वाढतात.

भाच्याच्या मते जालन्याची गोष्ट १९६४ ला सुरू होते. त्या वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग पाहिलेला माणूस, सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. त्यांच्या मागोमाग बियाण्यांच्या इतक्या कंपन्या इथे उभ्या राहिल्या की खरिपाच्या तोंडावर देशभरचे बियाणे-व्यापारी जालन्याकडे डोळे लावून बसतात.

आत्यांना ही सुरुवात फारच अलीकडची वाटते. त्यांचं जालना निदान १६७९ पासूनचं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या पेठेवर स्वारी केली. महाराजांची ती अखेरची मोठी मोहीम. लूट घेऊन परतताना संगमनेरजवळ रणमस्तखानाने गाठलं आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली, अशी बखरींतली हकिगत. पट्ट्याचा विश्रामगड झाला तो त्यानंतर.

"एवढ्या लांबून महाराज उगाच आले नव्हते," आत्या सांगतात. "सराफ होते, विणकर होते, माल होता. 'जालना सोन्याचा पाळणा' उगाच म्हणत नाहीत."

"मग मी तरी वेगळं काय म्हणू राहिलो? पैसा तेव्हाही होता, आताही आहे."

"पैसा होता. इथला किल्ला केव्हा बांधला? १७२५ ला, निजामाच्या हुकमाने. लूट होऊन पंचेचाळीस वर्षं उलटल्यावर. या गावात पैसा आधी येतो, सोय मागाहून. आलीच तर."

पुढचं आत्या भराभर सांगतात. २ सप्टेंबर १८०३ ला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या उत्तरेला असईच्या रानात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८२७ मध्ये नदीपलीकडे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी बसली. पुढे याच भागात, गावाबाहेर, नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. ज्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत हिंदू धर्मात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत एवढा गदारोळ सोसला, तेच हे नारायणराव. मामा चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ते नाव हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकरांचं आहे, असंही त्या विचारतात. भाच्याला ठाऊक नव्हतं. तो गप्प बसला, पण थोडाच वेळ.

कारण मग विषय सळईवर आला, आणि सळई हे त्याचं घरचं मैदान.

जालन्यात लोहखनिज नाही. कोळसा नाही. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी राज्यात घर बांधायला घेतलं की सळई जालन्याची निघण्याचा संभव मोठा. हे कसं झालं, ते भाचा मन लावून सांगतो. देशभरातून आणि बंदरावरून भंगार येतं, जोडीला स्पंज आयर्न. विजेच्या इंडक्शन भट्टीत ते सोळाशे अंशांच्या आसपास वितळतं. वितळलेल्या लोखंडाचे ओतीव दांडे होतात, त्यांना बिलेट म्हणतात. बिलेट लालबुंद असतानाच रोलिंगमधून जातं, बारीक होत होत त्याची सळई होते आणि बाहेर पडता पडता तिच्यावर जोराने पाणी मारतात. वरचं आवरण झटक्यात थंड होऊन कठीण बनतं, गाभा मात्र हळू निवतो आणि लवचिक राहतो. टीएमटी सळई भूकंपात वाकते पण तुटत नाही, ती यामुळे.

"म्हणजे तुमच्या सळईची ताकद पाण्यातून येते," आत्या म्हणतात.

"तेच पाणी फिरवून फिरवून वापरतो आम्ही. आमचा खरा खर्च विजेचा. कच्चा माल सोडला तर बिलात सगळ्यात मोठा आकडा तोच."

इथे भाचा एक गोष्ट गाळतो, ती नोंदवायला हवी. 'कोणाच्या मदतीशिवाय उभा राहिलेला उद्योग' हे जालन्याच्या कारखानदारांचं आवडतं वाक्य. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना राज्य सरकार वीजदरात जी सवलत देत आलं आहे, ती इथल्या भट्ट्यांना प्राणवायूच ठरली. सवलत कमी होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी उद्योजकांची शिष्टमंडळं मुंबईला धावतात. यात गैर काही नाही. फक्त मग 'कोणाच्या मदतीशिवाय' म्हणू नये.

आत्यांकडे आणखी एक दाखला आहे आणि तो काढताना त्यांना हसू आवरत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची पथकं जालन्यात लग्नाचं वऱ्हाड बनून आली होती. गाड्यांवर नवरा-नवरीच्या नावाचे कागद चिकटवलेले. पोलाद उद्योगाशी संबंधित गटांवर ते छापे होते. रोकड आणि दागिने मिळून छप्पन्न कोटींहून अधिक ऐवज जप्त केल्याचं खात्याने नंतर जाहीर केलं.

"छप्पन्न कोटी!" आत्या. "आणि मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे आपल्याकडे. तिथे शेवटचं नाटक कधी पाहिलंस?"

"चार जणांच्या लॉकरवरून अख्ख्या वसाहतीला चोर म्हणशील का?"

"चोर नाही म्हणत. गावात पैसा नाही असं यापुढे मला कोणी सांगू नये, एवढंच."

भाच्याने यावर जमशेदपूरचं उदाहरण काढलं. उदाहरण चांगलं आहे आणि थोडं त्याच्यावरच उलटणारं. पूर्व भारतातलं ते पोलादनगर एका कंपनीने वसवलं. कारखाना उभा राहण्याआधीच जमशेटजी टाटांनी मुलाला पत्रातून बजावलं होतं की रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं भरपूर लाव, मैदानांना जागा सोड. आजही मूळ जमशेदपुरात लोकांनी निवडून दिलेली महापालिका नाही. पाणी, गटारं, कचरा हे पोलाद कंपनीची एक उपकंपनी पाहते आणि तिथल्या पाण्याचं देशभर कौतुक होतं.

"बघ," भाचा म्हणाला, "नगरसेवक नाहीत आणि नळाला पाणी आहे."

"तिथे मालक एक आहे. तुमच्याकडे किती?"

भाच्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. भट्टीवाले वेगळे, नुसते रोलिंगवाले वेगळे, त्यांच्यात आपसांत दराची चुरस. जालन्याचं पोलाद ही अनेक घराण्यांची, अनेक भागीदाऱ्यांची गोष्ट. त्यातून गावाला एक फायदा झाला: एक कंपनी बुडाली म्हणून जालना बुडत नाही. तोटाही त्यातूनच आला. रस्त्याकडेला सावलीचं झाड लाव, असं पत्र कोणी कोणाला लिहायचं?

सरकीच्या बाबतीत दोघं एकमेकांच्या जरा जवळ येतात. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा अर्जदारांत जालन्याची महिको मोन्सॅन्टोच्या भागीदारीत होती. पुढच्या दहा वर्षांत देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. मग गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांची बोंडं आतून पोखरली गेली. बीटी वांग्याची कथा याहून अजब. महिकोने विकसित केलेल्या या वांग्याला केंद्राने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली; २०१३ मध्ये बांगलादेशाने त्याच तंत्राच्या वाणांना परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. जालन्यात जन्मलेलं तंत्र जालन्याच्या मोंढ्यात विकायला मनाई आहे.

पण आत्या बोलतात ते प्रयोगशाळेविषयी नाही, सीड प्लॉटविषयी. त्यांच्या माहेरचं गाव देऊळगाव राजाच्या वाटेवर, जिथे शिवारभर पांढऱ्या शेडनेट दिसतात. संकरित बियाणं यंत्रात बनत नाही. संध्याकाळी मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरायची, तिच्यातले पुंकेसर नखाने अलगद काढून टाकायचे, खूण करून ठेवायची. सकाळी ऊन चढायच्या आत नर ओळीतल्या फुलाचे परागकण त्या फुलावर लावायचे. एकेक फूल असं हाताने. एका प्लॉटमध्ये अशी फुलं हजारोंनी आणि हे काम जवळपास सगळं बायकांचं.

"बारवाल्यांचा मोठेपणा मला मान्य आहे," आत्या सांगतात. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्याच गणपती नेत्रालयात झालं. पण पुरस्काराच्या फोटोत कधी त्या बायकांचं बोट दिसलं का?"

"आमच्या भट्टीवर बिहार-झारखंडची पोरं आहेत," भाचा एकदम वेगळ्या सुरात म्हणाला. "आठ-आठ जण एका खोलीत राहतात. परवाच्या वर्षी, ऑगस्टात, एका कारखान्यात वितळलेलं लोखंड उसळलं, पोरं होरपळली. तेव्हा पेपरवाले आले होते."

यावर आत्यांनी काही सुनावलं नाही. दोघांच्याही जालन्यात ही माणसं राहतात आणि दोघांच्याही वादात ती क्वचितच येतात. महापालिकेच्या तीन लाखांच्या अंदाजात ती धरली होती का, हे पाहायला हवं.

वाद खरा पेटतो तो पाण्यावर. इथे आत्या इतिहासाचं पुस्तकच उघडतात. शेकडो वर्षांपूर्वी जमशेदखान नावाच्या सुभेदाराने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचं पाणी गावातल्या हौदांत आणलं. काळ्या मशिदीच्या परिसरात हमाम आणि सराई होती, त्यांना पाणी लागायचंच. पुढे निजामाच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, गावाच्या उत्तरेला घाणेवाडीचा तलाव झाला. तलाव उंचावर, गाव उतारावर. पाणी आपसूक खाली येतं, पंपाची गरज नाही, विजेचं बिल नाही. नव्या जालन्याला हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पुरलं.

मग २०१२ चा दुष्काळ आला. पाऊस आधीच्या वर्षीही बेताचा होता; या वर्षी घाणेवाडी कोरडी पडली. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना हे देशभरच्या वृत्तवाहिन्यांना दुष्काळ दाखवण्याचं ठिकाण झालं. टँकरमागे पळणाऱ्या बायका, रेल्वे स्टेशनवर हंडे, मोसंबीच्या वाळलेल्या बागा. मोसंबी हे या जिल्ह्याचं नामांकित पीक, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या उन्हाळ्यात लोकांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली झाडं तोडून सरपण केलं. पैठणच्या जायकवाडीतून अंबडमार्गे जालन्यापर्यंत जलवाहिनी आली ती याच सुमारास. योजना आधीपासून कागदावर होती, तहान लागल्यावर तिला वेग आला. किल्ल्याविषयी आत्या जे म्हणतात ते इथे लागू पडतं, हे भाचाही नाकारत नाही.

नाकारतो तो पुढचा भाग. दुष्काळाच्या त्या काळात घाणेवाडीचा तळ उघडा पडला होता आणि त्यात दशकांचा गाळ साचलेला दिसत होता. गावातल्या काही लोकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचामार्फत गाळ काढला. यंत्रांचा खर्च उद्योजकांच्या आणि नागरिकांच्या देणग्यांतून झाला. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने नेऊन रानात पसरला. सुपीक गाळ रानाला मिळाला, तलावात पाणी धरायला जागा झाली.

"सांग आता," भाचा म्हणाला, "तो पैसा कुठून आला? सळईतूनच ना? तुझ्या मते आम्ही गावासाठी काही करत नाही."

"केलं. पण देणगी म्हणून केलं. मन झालं तर देणार, नाही झालं तर नाही. पाणी असं चालतं का? कडवंचीचं बघ."

कडवंची हे जालना तालुक्यातलं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाची कामं झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, चर खणले, ओढे अडवले, पुढे घरोघरी शेततळी झाली. ज्या शिवारात बाजरी जेमतेम यायची तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि दुष्काळातही तगल्या. जालना शहराच्या उशाशी असलेलं हे खेडं पाण्याचा ताळेबंद मांडतं. शहराला तो मांडता आलेला नाही.

"खेड्यात चारशे उंबरे असतात, सगळे एकमेकांना ओळखतात. शहरात असं होत नसतं."

"म्हणून तर महापालिका असते."

"तूच म्हणालीस, घरपट्टी वाढेल आणि नळ तसाच राहील!"

आत्यांना उत्तर सुचलं नाही आणि हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ. खरं तर इथे दोघांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या. सरकारी कारभारावर काडीचा भरवसा नसलेल्या आत्यांना काम सरकारनेच करायला हवं आहे, आणि नव्या महापालिकेचं कौतुक करणाऱ्या भाच्याला तिच्याकडून काम होईल याची खात्री नाही. जालन्यातल्या बहुतेक सुशिक्षित घरांत हीच स्थिती असावी. धुळवडीला मात्र एकमत असतं: हत्ती रिसाल्याची मिरवणूक शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे, जुनं-नवं दोन्ही जालना त्यात रंगतं, आणि त्या दिवशी कुंडलिकेच्या पुलावर कोण कुठला हे कोणी विचारत नाही.

ताटं उचलताना भाच्याने हिशेब मांडला. रेशीम कोषांची खुली बाजारपेठ २०१८ मध्ये राज्यात पहिल्यांदा जालन्यात झाली. त्याआधी शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्रही त्याच वर्षी इथे सुरू झालं. ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली.

"ड्रायपोर्टचं कुठवर आलं?" आत्यांनी विचारलं.

"जमीन आहे, रस्ता झाला, रूळ टाकलेत."

"दहा वर्षांत. बरं. आणि जानेवारीत मत दिलंस का?"

"शिफ्ट होती."

"मतदानाला भट्टी बंद ठेवत नाहीत?"

"तापलेली भट्टी अशी मधेच गार केली तर आतलं अस्तर तडकतं, आत्या."

"मग दोन-तीन तासांची सवलत द्यावी लागते की कामगाराला. सरकारचा आदेशच आहे."

"आहे," भाचा म्हणाला. "आम्ही कोणी मागितली नाही. आणि बिहारच्या पोरांची नावं इथल्या यादीत नाहीतच."